वोरोनेझसाठी लावलेली डिश

दादाची पत्रं बंद झाली त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते उपकरणांच्या विभागात होते. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं बरोबर मोजताहेत की नाही, हे बघायचं त्यांचं काम. निवृत्तीनंतरही कित्येक महिने ते सकाळी त्याच वेळेला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या डोंबिवलीच्या घराच्या बाल्कनीत येऊन बसायचे आणि पोस्टमन गल्लीतून निघून गेला की आत यायचे. मी तेव्हा ठाण्याला एका बँकेत लागले होते. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता आईच्या तोंडाकडे बघायचं आणि काही आलं नाही हे समजून घ्यायचं, असा क्रम झाला होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिष्यवृत्ती मिळवून तो इंजिनिअरिंग शिकायला सोव्हिएत युनियनमध्ये गेला, वोरोनेझ नावाच्या शहरात. सुरुवातीची पत्रं लांबलचक असायची. बर्फ, वसतिगृह, काळा पाव, बटाटे. एका फोटोत केसाळ टोपी घालून तो नदीवर उभा होता, गोठलेल्या नदीवर, आणि आईला ते काही केल्या पटेना की हा पाण्यावर उभा आहे. शिक्षण संपलं तेव्हा त्यानं कळवलं की तिथेच एका संस्थेत काम मिळतंय, दोन वर्षं करतो. दोन वर्षांनी कळवलं की लग्न केलं. सोबत बायकोचा फोटो होता.  आईनं फोटो उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "हिचं नाव म्हणायचं कसं गं?"

मग पत्रं दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, आणि तो देश मोडला तेव्हा अजिबातच नाही. वर्तमानपत्रात रोज काहीतरी असायचं. पावासाठी रांगा, नवीन झेंडे, नवीन सरहद्दी. वोरोनेझचं नाव मात्र कधी छापून आलं नाही. फोन लावायला बाबा स्टेशनजवळच्या बूथवर जाऊन बसायचे. त्याच्या संस्थेचा नंबर वाजत राहायचा आणि कोणी उचलायचं नाही.

डिशची गोष्ट इथून सुरू झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला एका माणसानं केबलचा धंदा काढला होता. गच्चीवर दोन डिशा, खाली पत्र्याच्या खोलीत यंत्रं, आणि तिथून झाडांवरून, खांबांवरून घराघरात वायरी. बाबा त्याच्याकडे काही कामाला गेले असताना तो एक डिश हातानं सरकवून काहीतरी शोधत होता. टीव्हीवर मुंग्या होत्या. मुंग्या विरळ झाल्या आणि एक बाई बातम्या सांगताना दिसली.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"रशियन आहे, काका. मध्ये लागतं कधीकधी."

"हे ठेव ना. आमच्या लाईनवर दे."

तो हसला. "काका, रशिया कोण बघणार इथे? लोक मला मारतील." आणि त्यानं डिश पुढे सरकवली.

बाबा घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. आई भाजी चिरत होती. ते म्हणाले, "अगं, तिकडचा टीव्ही इथे दिसतो." विळीवरचा आईचा हात थांबला. तिनं विचारलं, "त्याचं गाव दिसतं?" बाबा म्हणाले, "गाव नाही. पण बातम्या असतात. हवामान सांगत असतील."

त्यानंतरचे दोन महिने बाबांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी कुठून कुठून माहिती जमवली, उल्हासनगरला जिथे डिशा बनवून विकतात तिथल्या चार-पाच दुकानांत खेपा घातल्या. एका रविवारी मला सोबत नेलं. दुकान म्हणजे एक लांब गाळा होता, भिंतीला टेकवून ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या जाळीच्या पाकळ्या, मोठ्या परातीचे तुकडे केल्यासारख्या. दुकानदारानं आधी सहा फुटी डिश दाखवली. घरगुती वापराला पुरते म्हणाला. बाबांनी रशियन उपग्रहांचं विचारल्यावर तो गंभीर झाला. त्यांचा सिग्नल इथे कमकुवत येतो, दहा फुटी लागेल. त्या लहरी पीळ घातल्यासारख्या फिरत येतात, त्यासाठी डिशच्या मधोमध जो सिग्नल पकडणारा डबा टांगतात, त्याच्या तोंडात वेगळी पट्टी बसवावी लागेल. आणि डिश एका जागी पक्की करायची की मोटरवर फिरणारी घ्यायची, ते तुम्ही ठरवा.

घरी त्यावर चर्चा झाली. मी म्हटलं, एकच चॅनल बघायचं तर पक्की करून टाका, मोटर कशाला? आईचंही तेच म्हणणं होतं, उगाच मोठं लचांड नको. बाबांनी वहीच्या कागदावर एक कमान काढली. दक्षिणेकडच्या आकाशात हे सगळे उपग्रह एका कमानीवर बसलेले असतात, म्हणाले. रशियाचे त्यात चार-पाच आहेत, जुने झालेत, त्यांच्याकडे आता बघायला कोणाकडे पैसे नाहीत. आज एकावर चॅनल आहे, उद्या बंद पडलं तर दुसऱ्यावर शोधावं लागेल. "प्रत्येक वेळी मी गच्चीवर चढून पाना फिरवत बसू का? अजून पाच वर्षांनी मला चढवेल का?"

आईनं तो कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "अहो, फिरणारीच घ्या मग."

सोसायटीची परवानगी मिळवणं सोपं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वर सामाईक गच्ची. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, वाऱ्यात उडाली तर? कोणी म्हणालं, पापड-कुरडयांची जागा जाईल. कोणी म्हणालं, आम्हालाही जोडणी द्या मग. बाबा घरी शांत माणूस होते, पण त्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझा मुलगा तिकडे आहे आणि त्याची काही बातमी नाही. मला दुसरं काही बघायचं नाही."  सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले आणि परवानगी मिळाली. आईला हे कळलं तेव्हा ती बाबांवर चिडली. चारचौघांत दादाचं नाव काढायची काय गरज होती, म्हणाली. आतापर्यंत आम्ही शेजारीपाजारी सांगत आलो होतो की त्याचं छान चाललंय, कामात असतो.

डिश बसवायला उल्हासनगरहून मेकॅनिक आला, पण त्याच्या आधी तीन दिवस बाबा गच्चीवर तयारी करत होते. दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून त्यांनी ओळंबा टांगला, ऊन माथ्यावर आलं तेव्हा त्याची सावली पकडून खडूनं उत्तर-दक्षिण रेघ मारली. होकायंत्राची उत्तर खरी उत्तर नसते, म्हणाले. सिमेंटचा ओटा घालून त्यात जाड पाईप उभा केला आणि तो सरळ आहे ना हे चारही बाजूंनी बुडबुडा असलेल्या पाणसळीनं तपासलं. पाकळ्या जिन्यानं वर चढवताना पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराला ओरखडा पडला, तो बाबांनी नंतर स्वतः रंगवून दिला.

मेकॅनिक चांगला होता, फक्त घाईत होता. त्यानं पाकळ्या जोडून परात उभी केली, मधोमध तीन काठ्यांवर तो डबा टांगला, मागे मोटरचा सरकता दांडा लावला. वायर खाली आमच्या बैठकीच्या खोलीत आली. टीव्हीशेजारी दोन पेट्या आल्या. एक रिसीव्हर, दुसरी मोटर चालवायची, तिच्यावर लाल आकडे. बटण दाबलं की वरून घरघर ऐकू यायची. मोटर गच्चीवर होती, पण आवाज स्लॅबमधून उतरून आतल्या खोलीच्या भिंतीत शिरायचा, दातांच्या दवाखान्यात येतो तसला. पुढे कित्येक वर्षं तो आवाज ऐकला की मला कळायचं, बाबा शोधताहेत.

पहिल्या दिवशी बरेच उपग्रह लागले. नाचगाणी लागली, इंग्रजी बातम्या लागल्या, चिनी काहीतरी लागलं. मेकॅनिकला वाटलं आम्ही खूष होऊ. बाबा म्हणत राहिले, "अजून पूर्वेला घ्या. थोडं अजून." शेवटी मुंग्यांमधून एक माणूस आला, मग त्याचा आवाज आला. आकडा बघून बाबांनी तो कागदावर लिहिला. पण चित्र काळं-पांढरं होतं, आमचा टीव्ही रंगीत असून.

"रंग नाही येणार, काका," मेकॅनिक म्हणाला. "त्यांची रंगाची सिस्टीम वेगळी आहे. आपला टीव्ही ती पकडत नाही. त्याला वेगळा सेट घ्यावा लागेल."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू दे. दिसतंय तेवढं पुरे."

तेव्हापासून आमच्या घरी संध्याकाळी रशियाच्या दुपारच्या बातम्या लागायला लागल्या. आई दिवाबत्ती करायच्या आधी येऊन बसायची. मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ किंवा शेंगा, नजर टीव्हीवर. एकही शब्द कळायचा नाही. बाबांनी एक जुनं रशियन शिकायचं पुस्तक मिळवलं होतं, त्यातून ते अक्षरं ओळखायला शिकले आणि आईलाही त्यांनी थोडी शिकवली. वोरोनेझचं पहिलं अक्षर इंग्रजी बी सारखं दिसतं, पण तो व आहे. बातम्यांनंतर नकाशा यायचा, त्यावर शहरांची नावं आणि आकडे. वोरोनेझ रोज यायचं नाही. आलं की आई ताट बाजूला ठेवायची.

"उणे अठरा," बाबा वाचायचे.

"म्हणजे किती थंड?"

"बर्फाच्या कपाटात असतं त्याहूनही जास्त."

 डोंबिवलीत थंडीच्या दिवसांतही पंखा फिरत असायचा, खालच्या गल्लीत मुलं क्रिकेट खेळत असायची, आणि आई पदर लपेटून बसायची. एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिनं टीव्ही लावला तर बातम्या संपलेल्या. ती घाबरली. बाबांनी समजावलं की तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात. आईला हे फार विचित्र वाटलं. "अख्ख्या देशाचं घड्याळ?" असं तिनं दोनदा विचारलं.

खालच्या काकू कधीमधी येऊन बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळतं का हो हे?" आई म्हणाली, "नाही." काकू वाट बघत राहिल्या की पुढे काही सांगेल. आई शेंगा सोलत राहिली. नंतर काकू यायच्या कमी झाल्या. क्रिकेटच्या मॅचसाठी शेजारची मुलं विचारायला यायची, तेव्हा बाबा डिश वळवून द्यायचे, पण संध्याकाळच्या बातम्यांच्या आत ती परत जागेवर यायची. मुलांना ते आवडायचं नाही. हळूहळू तीही यायची थांबली.

पावसाळे गेले. दादाचं काही आलं नव्हतं. मग एका ऑक्टोबरच्या रविवारी, जेवणं होऊन आम्ही बसलो होतो, तेव्हा टीव्हीवर रस्त्यात माणसं धावताना दिसली. निवेदक घाईघाईनं बोलत होता आणि बोलता बोलता चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. बाबा म्हणाले, "डिश हलली." त्यांनी बटण दाबलं, मोटर घरघरली, आकडा मागेपुढे केला. काही नाही. टॉर्च घेऊन ते गच्चीवर गेले. मी मागे गेले. त्यांनी सगळे नट हातानं चाचपले, दांडा तपासला, पाईप हलवून बघितला. सगळं होतं तिथेच होतं. "माझं काहीतरी चुकलं," ते पुटपुटले. "हे मी जरा जास्त घट्ट करायला हवं होतं."

सोमवारच्या वर्तमानपत्रानं सांगितलं की मॉस्कोमध्ये त्या टीव्हीच्या इमारतीवरच हल्ला झाला होता. डिशला काही झालं नव्हतं. मी बँकेत रजा टाकली. दुपारी सगळ्याच चॅनलांवर ते दिसायला लागलं, एक मोठी पांढरी इमारत, तिच्यावर तोफा डागणारे रणगाडे, वरच्या मजल्यांतून निघणारा काळा धूर. पुलावर लोक उभे राहून बघत होते, जत्रेत उभे राहावेत तसे. आईनं विचारलं, "हे त्याच्या गावाजवळ आहे?" बाबा म्हणाले, "नाही गं, खूप लांब आहे. पुण्याहून नागपूर असेल तेवढं." आई म्हणाली, "मग तुम्ही उभे का? बसा ना." बाबा सकाळपासून बसलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात दादाचा फोन आला. आमच्याकडे फोन लागून थोडेच दिवस झाले होते, पण नंबर त्याला पत्रानं कळवलेला होता. म्हणजे पत्रं त्याला मिळत होती. फोन मी उचलला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही, मराठी शब्द अडखळत येत होते. मी ठीक आहे, म्हणाला. संस्था बंद पडली, मी आता दुसरं काम करतो, काही मशिनं आणून विकतो. आईनं रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, "तिकडे फार थंडी आहे ना रे आता? उणे पाच होतं काल."

 मग त्यानं विचारलं, "तुला कसं माहीत?"

"आम्ही बघतो रोज," आई म्हणाली.

तो पुढच्या वर्षीच्या शेवटी आला. एकटाच. बाबा आणि मी विमानतळावर गेलो. समोरून एक बारीक, टक्कल पडत चाललेला माणूस आला, कातडी जाकीट घातलेला, आणि त्यानं बाबांना नमस्कार करायला वाकून पुन्हा सरळ होताना कमरेला हात लावला. चौतीस वर्षांचा होता तो तेव्हा.

पहिले दोन दिवस आईनं त्याला काय काय करून घातलं. तो खायचा, छान आहे म्हणायचा, आणि अर्धं ठेवायचा. तिखट सोसत नव्हतं. आजूबाजूचे लोक भेटून गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं नेहमीसारखा टीव्ही लावला आणि त्याच्याकडे बघितलं. मला आठवतंय, तिला केवढी उत्सुकता होती. हे बघ, आम्ही तुझ्यासाठी काय आणलं, असा काहीसा भाव होता तिच्या चेहऱ्यावर.

दादा सोफ्यावरून उठून पुढे येऊन बसला. "हे कसं काय?" तो म्हणाला.  बातम्या संपल्या, पुढचा कार्यक्रम लागला, तोही त्यानं बघितला. एका पांढऱ्या दाढीच्या माणसाचा कार्यक्रम असायचा, आई त्याला कीर्तनकार समजायची, कारण तो शांतपणे हात जोडल्यासारखे करून बोलायचा. दादा हसला. "अगं, हा बटाटे कसे लावायचे ते सांगतोय." आईही हसली. दोन वर्षं ती त्या माणसाचं मन लावून ऐकत होती.

चौथ्या दिवसापासून तो सकाळी उठला की टीव्ही लावायचा. मोटरचं बटण त्याला लगेच जमलं. बाबांनी शोधलेल्या आकड्यांचा कागद घेऊन त्यानं दुसऱ्या उपग्रहावरचं दुसरं रशियन चॅनलही लावलं. तो तिथे बसूनच जेवायचा. कधी मोठ्यानं हसायचा. आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. "काय म्हणाला रे तो?"

दादा सांगायला लागायचा, दोन वाक्यांनंतर थांबायचा. "आई, ते मराठीत नाही गं सांगता येत."

आई थोडा वेळ उभी राहायची, मग आत जायची. असं दोन-तीनदा झालं. मग तिनं विचारणं सोडून दिलं. मी एकदा रागानं म्हटलं, "तू दहा दिवसांसाठी आलायस, आणि इथे बसून तेच बघतोयस." तो चिडला नाही. म्हणाला, "इथे काय बोलू ते सुचत नाही मला. तिथे असलो की इथलं आठवतं, पण इथे काही आठवत नाही." टीव्ही त्यानं बंद केला, आणि मग आम्ही सगळे त्या खोलीत बसलो. बाबा वर्तमानपत्र चाळत होते.  थोड्या वेळानं आईच म्हणाली, "लाव रे. लाव."

लग्नाचं त्यानं जेवताना सांगितलं. बायको वेगळी राहते आता. एक मुलगी आहे, तीन वर्षांची. दोघी तिच्या आजीकडे गेल्यात, खारकीवला.  आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "फोटो आहे?" त्यानं पाकिटातून काढला. गोरी मुलगी, पण कपाळ आमच्या बाबांचं, अगदी तेच. फोटो टेबलावर सगळ्यांच्या हातून फिरला. बाबांनी तो सगळ्यात शेवटी घेतला आणि सगळ्यात जास्त वेळ ठेवला.

"त्या गावाचं हवामान येतं का नकाशावर?" आईनं विचारलं.

"खारकीव आता युक्रेनमध्ये आहे, आई. वेगळा देश झाला तो. हे लोक त्याचं नाही दाखवत."

"पण तू जातोस ना तिला भेटायला?"

"जातो कधीकधी," दादा म्हणाला. त्याच्या आवाजावरून आम्हाला कळलं की जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीतून मोटरचा आवाज येत होता. बाबा युक्रेनचं चॅनल शोधत होते. दादानं सांगितलं, "बाबा, ते इथे नाही मिळणार, त्यांच्याकडे तसा उपग्रह नाही." बाबा म्हणाले, "बघतो. बघायला काय जातंय." कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते हळूहळू गेले, प्रत्येक ठिकाणी थांबत, मुंग्यांमध्ये काही हलतंय का बघत. दादा गच्चीवर निघून गेला. मी वर गेले तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता आणि ती एवढी मोठी परात त्याच्या डोक्यावर हळूहळू फिरत होती.

"हे सगळं माझ्यासाठी?" त्यानं विचारलं.

"मग कोणासाठी?"

"पत्रं मिळायची मला," तो म्हणाला. "उत्तर लिहायला बसलो की तुम्ही विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर चांगलं नसायचं. नोकरी, घर, सगळंच. म्हटलं, जरा नीट होऊ दे, मग लिहू."

 खाली बटण सुटलं असावं, डिश थांबली. त्यानं जाळीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "चांगली बसवलीय. बाबांनी बसवली ना?"

तो गेला त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. दारातच त्याच्या हातावर दही घातलं आणि आत वळली. पुढे तो फोन करायचा, तीन-चार महिन्यांतून एकदा. एकदा त्यानं आईला नातीचाही आवाज ऐकवला, ती काहीतरी बोलली आणि आईनं "हो बाळा, हो बाळा" एवढंच म्हटलं. दर वेळी येतो येतो म्हणायचा.

आईनं बातम्या बघणं पुढे चालू ठेवलं, पण शेंगा सोलताना तिची नजर बऱ्याचदा ताटातच असायची. बाबा मात्र शोधत राहिले. रशियन चॅनल एका उपग्रहावरून गेलं, दुसऱ्यावर सापडलं, तिथूनही गेलं. ते जुने उपग्रह आता जागेवर स्थिर नव्हते, दिवसभरात वरखाली सरकायचे, चित्र यायचं आणि जायचं. बाबांनी त्याच्याही वेळा शोधून काढल्या. कधी मी म्हणायचे, आता पुरे झालं, त्याचे फोन येतात ना. ते म्हणायचे, "त्याचे येतात. तिचं काय?" ती म्हणजे खारकीवची मुलगी. माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले, तेव्हाही फोनवर ते मला कुठल्या आकड्यावर काय सापडलं ते सांगायचे. एकदा खूप आनंदानं सांगितलं की एक नवीनच भाषा लागलीय, युक्रेनियन असेल. मी दादाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, बहुतेक मंगोलियन असेल. मी बाबांना सांगितलं नाही.

ते गेले ते हृदयविकारानं, दुपारी, घरातच. आई बाजूला होती. दादाला तीन दिवस परतीच्या व्हिसाचं आणि तिकिटाचं जमलं नाही. चौथ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, आता राहू दे, सगळं झालं. तो फोनवर रडला. मी त्याला लहानपणीही रडताना फारसं पाहिलं नव्हतं, आणि आता नुसतं ऐकू येत होतं.

आईला मी ठाण्याला आणलं. डोंबिवलीची जागा भाड्यानं दिली, आणि त्या वर्षी सोसायटीनं गच्चीला डांबर लावायला काढलं तेव्हा डिश काढा म्हणून निरोप आला. आई हट्टानं माझ्यासोबत आली. दोन माणसं पाने घेऊन वर चढली होती. नट इतके गंजले होते की शेवटी त्यांनी ते कापले. पाकळ्या एकेक सुटत गेल्या. मोटर त्यांनी बाजूला काढून ठेवली, ती भंगारात जाणार होती.

"ह्या जाळ्यांचं काय करता?" आईनं विचारलं.

"मोहन्याला घर आहे आमचं," त्यातला एक म्हणाला. "कोंबड्या आहेत. त्यांच्या खुराड्यावर टाकतो, मांजर फार येतं."

"बरं," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "कडा घासून घ्या आधी. हाताला लागतात त्या."

आम्ही जिना उतरलो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चहाला बोलावलं, आई आत जाऊन बसली. मी रिक्षा आणायला गेले. परत आले तेव्हा काकू विचारत होत्या, मुलगा कसा आहे, आणि आई सांगत होती की त्याचं छान चाललंय, कामात असतो.